सलोख्याचे साहित्य : काही प्रश्न

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा कोठेही निघाली की हिंदू-मुस्लिम सलोख्याचा विषय तिच्या पाठोपाठ येतोच. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मुसलमानाने मराठीत का लिहावे, या प्रश्नाला तेव्हापासून आपण जी उत्तरे देत आलो, त्यांत एक उत्तर हेही आहे की या भाषेत आम्हांला आमच्या शेजाऱ्याशी बोलायचे आहे. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांनाही ते मान्य आहे. वर्गात आम्ही उर्दूतून शिकवतो आणि लिहितो मराठीत, ते याचसाठी. परंतु सलोख्यावरचे आपले लेखन सलग वाचत गेले की एक शंका मनात घर करते. या लेखनात सलोखा पुष्कळ आहे, पण तो घडतो कसा, हे मात्र कोठे दिसत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही याच उणिवेचा विचार करणार आहोत.

या विषयावरच्या लेखनाचे ढोबळमानाने तीन साचे आढळतात. पहिला साचा रहीमचाचाचा. गावात एक रहीमचाचा असतो. त्याची दाढी पांढरी, मन निर्मळ. तो गणपतीच्या मिरवणुकीत पुढे असतो, पाटलाच्या मुलाला विहिरीतून वाचवतो आणि कथेच्या शेवटी बहुधा मरतो. त्याला स्वतःचे मत नसते, राग नसतो, कोणाशी भांडण नसते. तो चांगला आहे, कारण तो कशाबद्दलच तक्रार करीत नाही. मराठीतल्या सहृदय हिंदू लेखकांनी हा चाचा रंगवला, याबद्दल त्यांच्या हेतूवर आम्ही शंका घेत नाही. पण आपल्यातल्याही अनेकांनी त्याच चाचाला आपल्या कथांत आणून बसवले, हे नवल आहे. जणू शेजाऱ्याच्या दारात उभे राहायचे तर आधी चांगुलपणाचा दाखला काढावा लागतो.

दुसरा साचा यादीचा. शेख महंमदांचे नाव घ्यायचे, सूफी-संत परंपरेचे स्मरण करायचे, शिवाजी महाराजांच्या पदरी असलेल्या मुसलमान सरदारांची नावे मोजायची आणि शेवटी गंगा-जमनी तहजीबीचा उल्लेख करून थांबायचे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' रचला, हा आपला अनमोल वारसा आहे, यात वाद नाही. परंतु आजोबांची मैत्री होती एवढ्यावर नातवांची मैत्री टिकत नसते. यादी वाचून झाल्यावर श्रोते टाळ्या वाजवतात आणि आपापल्या मोहल्ल्यात परत जातात. यादीतून उद्याचे काही ठरत नाही.

तिसरा साचा दंगलीनंतरच्या शोकाचा. जळालेले घर, हरवलेले मूल, रिकामी गल्ली. यातल्या काही कविता खरोखर काळजाला हात घालणाऱ्या आहेत. पण त्या लिहिल्या जातात राख झाल्यावर. साहित्याने वरातीमागून घोडे न्यायचे, असा काही नियम आहे काय? आग लागली नाही, त्या रात्री कोण जागे होते, कोणी कोणाच्या घरी जाऊन काय सांगितले, याची कथा आपल्याकडे कोणी लिहीत नाही. न घडलेल्या दंगलीला नाट्य नसते, असे आपण गृहीत धरून बसलो आहोत.

या साच्यांना छेद देणारी एक कृती मराठीत आहे आणि ती एका मुसलमानाचीच आहे. हमीद दलवाई यांची 'इंधन' ही कादंबरी १९६५ साली आली. दलवाईंच्या सामाजिक मतांबद्दल आपल्या समाजात तीव्र मतभेद होते व आजही आहेत. ते मतभेद जागच्या जागी ठेवूनही 'इंधन' वाचता येते आणि वाचली पाहिजे. बरीच वर्षे बाहेर राहिलेला नायक कोकणातल्या आपल्या गावी परततो. त्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात. देणे-घेणे आहे, जुने हिशेब आहेत, प्रेमे आहेत, जातींचे पीळ आहेत. मुसलमान तेथे देवदूत नाहीत आणि हिंदूही राक्षस नाहीत. एवढी ओळख असूनही गाव पेटते. शीर्षकातच दलवाईंनी निदान करून ठेवले आहे. ठिणगी बाहेरून आली असे म्हणून सुटता येत नाही, कारण इंधन घराघरांत साठत आलेले असते. नुसती ओळख म्हणजे सलोखा नव्हे, हे सत्य इतक्या निष्ठुरपणे सांगणारी दुसरी मराठी कादंबरी आमच्या वाचनात नाही.

परंतु 'इंधन' जेथे संपते तेथून पुढचा प्रश्न उरतो. ओळख पुरत नाही, तर मग काय पुरते? याचे उत्तर आम्हांला ललित साहित्यात सापडले नाही. ते सापडले भिवंडीत, एका पोलीस अधिकाऱ्याच्या कामात.

भिवंडीचा इतिहास वाचकांना ठाऊक आहेच. यंत्रमागाचे हे शहर. जुने कोकणी मुसलमान, उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर, तेलुगू पद्मशाली, सुताचे मारवाडी-गुजराती व्यापारी आणि मराठी आगरी-कुणबी, असे सगळे एका धाग्यात गुंतलेले. सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, हात तिसऱ्याचे. तरीही मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून येथे भीषण दंगल झाली आणि तिची झळ जळगाव व महाडपर्यंत पोहोचली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली आणि पोलिसांच्या पक्षपातावरही ठपका ठेवला. चौदा वर्षांनी, मे १९८४ मध्ये, भिवंडी पुन्हा पेटली. पोटापाण्याने माणसे एकमेकांशी बांधलेली असली की ती भांडत नाहीत, हा आपल्या भाषणांतला आवडता सिद्धान्त. भिवंडीने तो दोनदा खोटा ठरवला.

१९८८ साली सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. शांतता समिती हा प्रकार आपल्याला नवा नाही. सण जवळ आला की पोलीस ठाण्यात बैठक होते, दोन्हीकडचे ठरलेले पुढारी येतात, चहा होतो, छायाचित्र निघते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी तिची तऱ्हा. खोपडे यांच्या समित्यांत दोन गोष्टी निराळ्या होत्या. एक, त्या मोहल्ल्याच्या पातळीवर होत्या आणि त्यांत दोन्ही समाजांची साधी माणसे एकत्र बसत. दुसरी, त्या नियमित बसत. दंगलीची वाट न पाहता रोजच्या कुरबुरी, किरकोळ तक्रारी यांसाठी बसत. पोलीसही तेथे येऊन बसत. त्यामुळे खाकी गणवेशातल्या माणसाला मोहल्ला नावाने ओळखू लागला, आणि मोहल्ल्यातल्या माणसाला तो संशयित म्हणून नव्हे तर सभासद म्हणून ओळखू लागला.

डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली. शेजारच्या मुंबईत त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मिळून ९०० माणसे मेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा आहे. भिवंडी शांत राहिली. मुंबई जळाली तेव्हा भिवंडी का जळाली नाही, हाच प्रश्न घेऊन खोपडे यांनी पुढे मराठीत पुस्तक लिहिले. आमच्या मते सलोख्यावरचे मराठीतले हे एक महत्त्वाचे लेखन आहे. ते साहित्य नव्हे, अनुभवकथन आहे, असे म्हणून समीक्षकांनी ते बाजूला ठेवले. मुस्लिम मराठी साहित्यिकांनीही त्याची दखल घ्यावी तशी घेतली नाही, हे अधिक खेदाचे. आपल्याच शहराची, आपल्याच गल्लीची गोष्ट आपल्याला सांगायला एक पोलीस अधिकारी लागला.

या अनुभवाला सिद्धान्ताचे बळ दिले ते आशुतोष वार्ष्णेय यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथाने. हिंदू-मुस्लिम दंगलींचा १९५० ते १९९५ पर्यंतचा लेखाजोखा मांडून त्यांनी शहरांच्या जोड्या तपासल्या : अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. एक शहर वारंवार पेटते आणि मुसलमानांचे प्रमाण जवळपास तेवढेच असलेले दुसरे शांत राहते, ते का? त्यांचे उत्तर असे, की संबंध दोन प्रकारचे असतात. एक रोजचे : येणे-जाणे, ईद-दिवाळीचा फराळ, मुलांचे खेळणे. दुसरे संघटनांतले : व्यापारी मंडळे, कामगार संघ, वाचनालये, क्लब, पक्षांच्या शाखा. लहान गावात रोजचे संबंध पुरतात. शहर मोठे झाले की ते पुरत नाहीत. तेथे दोन्ही समाजांची माणसे ज्यांत मिळून काम करतात, अशा संस्थाच अफवेला अडवतात आणि पुढाऱ्याला आवरतात. भिवंडीचा दाखला त्यांनीही दिला आहे.

त्यांच्या पाहणीतले दोन आकडे शिक्षक म्हणून आमच्या डोक्यातून जात नाहीत. कालिकतमध्ये सुमारे ८३ टक्के लोकांनी सांगितले की हिंदू-मुसलमान एकत्र जेवणखाण करतात. अलीगढमध्ये असे सांगणारे ५४ टक्के होते. आणि मुले एकमेकांत खेळतात, असे सांगणारी कुटुंबे कालिकतमध्ये सुमारे ९० टक्के, तर अलीगढमध्ये केवळ ४२ टक्के. जेवणातला फरक मोठा आहेच, पण खेळातला त्याहून मोठा आहे. मोठी माणसे वेगळी झाली की त्याची पहिली शिक्षा मुलांना मिळते. त्यांचा खेळगडी जातो आणि तो का गेला, हेही त्यांना कोणी सांगत नाही.

या विचारावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पॉल ब्रास या अभ्यासकाने २००३ च्या आपल्या ग्रंथात अलीगढचाच अभ्यास करून दाखवले, की दंगल ही आपोआप होत नाही. ती तयार करणारी, अफवा पुरवणारी, माणसे जमवणारी एक यंत्रणाच गावात बसलेली असते. स्टीव्हन विल्किन्सन यांनी २००४ मध्ये असे मांडले, की दंगल थांबते की नाही हे सरकारला कोणाची मते हवी आहेत, यावर अवलंबून असते. हे खरे असेल तर मोहल्ल्यातले चार हिंदू आणि चार मुसलमान एकत्र बसून काय करणार? गुजरातमध्ये २००२ साली जे झाले ते पाहता हा प्रश्न उडवून लावता येत नाही. जबाबदारी राज्यकर्त्यांची असताना 'तुम्ही आपसांत समजूत वाढवा' असे पीडितांनाच सांगणे, ही एक प्रकारची फसवणूकही होऊ शकते. सलोख्याच्या व्यासपीठांवर न्यायाचा शब्द अनेकदा गिळला जातो. रहीमचाचाला तक्रार नसते, ती याच कारणाने.

भिवंडीनेही पुढे हेच दाखवले. ५ जुलै २००६ रोजी कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तेथे उद्रेक झाला. गोळीबारात दोन मुसलमान ठार झाले आणि त्यानंतर दोन पोलीस शिपाई जमावाच्या हातून मारले गेले. हा हिंदू-मुस्लिम दंगा नव्हता. तो मोहल्ला आणि पोलीस यांच्यातला विश्वास तुटल्याचा पुरावा होता. एका अधिकाऱ्याने बांधलेली गोष्ट त्याच्या बदलीनंतर कोणाची, हा प्रश्न त्या दिवशी चार प्रेतांनी विचारला. यातून समित्या निरुपयोगी ठरतात, असे आम्हांला वाटत नाही. मात्र समिती पोलिसांची असून भागत नाही, ती मोहल्ल्याची व्हावी लागते, एवढे निश्चित ठरते. मुंबईत १९९२-९३ नंतर ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आदींनी मोहल्ला समितीची चळवळ उभी केली. तीत पोलीस होते, पण ती नागरिकांची राहिली. फरक तो हाच.

काळही बदलला आहे. वार्ष्णेय यांच्या हिशेबात १९५० ते १९९५ या काळात दंगलीतल्या एकूण मृत्यूंपैकी ग्रामीण भागातले मृत्यू चार टक्क्यांहून कमी होते. खेडे सुरक्षित, असा आपला समज त्यावर पोसला गेला. १० सप्टेंबर २०२३ रोजी सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून मशिदीवर हल्ला झाला आणि एक तरुण मारला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये कोल्हापूर मोबाइलवरच्या 'स्टेटस'वरून पेटले. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात असे होईल, हे यादी वाचणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हते. मार्च २०२५ मध्ये नागपुरात अफवेने तेच केले. पूर्वी अफवेला गावात पोहोचायला रात्र लागत असे, तेवढ्यात कोणीतरी शहाणा माणूस उठून उभा राही. आता ती खिशातच असते. रोजची ओळख खेड्यातही पुरेनाशी झाली आहे, असा याचा अर्थ. दलवाईंनी १९६५ मध्ये लिहिलेले आता बातमीत वाचावे लागते.

येथवर इतरांबद्दल बोललो. आता घरात पाहू. सलोख्याच्या नावाने आपण मुसलमान लेखक जेव्हा बोलतो, तेव्हा आपल्यापुढे एक खोटा पेच उभा केला जातो. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडी गावात मशिदीत गणपती बसवतात, अशी बातमी दर गणेशोत्सवात येते. त्या गावकऱ्यांचा एकमेकांवरचा विश्वास आदरणीयच आहे. पण बातमीचा सूर असा असतो, की हाच एकमेव सलोखा. जो मुसलमान नमाजीपणा सांभाळून आरतीला उभा राहत नाही, तो जणू सलोख्याच्या परीक्षेत नापास. मग आपल्यातला कडवा माणूस उठतो आणि सांगतो, की पाहा, सलोखा म्हणजे ईमान सोडणे. दोघेही एकच चूक करतात. दोघांनाही वाटते, की एकत्र येणे म्हणजे इबादतीत मिसळणे. वास्तविक मदिनेत पैगंबरांनी (स.) तेथल्या यहुदी टोळ्यांशी केलेला करार, ज्याला आपण मीसाक-ए-मदिना म्हणतो, तो ज्याचा धर्म त्याच्यापाशी ठेवून शहराचे रक्षण मिळून करण्याचा होता. आरतीला न उभा राहणारा माणूस नळाच्या पाण्यासाठी, शाळेच्या छपरासाठी, मिरवणुकीच्या वेळेसाठी शेजाऱ्याबरोबर उभा राहू शकतो. सलोख्याचे खरे क्षेत्र तेच आहे.

दुसरी गोष्ट आमच्या पेशाची. महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी उर्दू आणि मराठी शाळा एकाच इमारतीत भरतात. एक सकाळी, एक दुपारी. एकच फळा, एकच बाक, एकच घंटा. पण सकाळचे मूल दुपारच्या मुलाला कधी भेटत नाही. बऱ्याच ठिकाणी शिक्षकांच्या मासिक बैठकाही उर्दू केंद्राच्या वेगळ्या, मराठी केंद्राच्या वेगळ्या. उर्दू माध्यमाचा आग्रह आम्ही सोडणार नाही. मातृभाषेतून शिकण्याचा हक्क संविधानाने दिला आहे आणि त्या शाळा नसत्या तर आपल्या कित्येक मुली शिकल्याच नसत्या. परंतु माध्यम वेगळे म्हणून मैदानही वेगळे असावे, असे संविधानात लिहिलेले नाही. वर्षातून एकदा सर्वधर्मसमभावाचे नाटक बसवण्यापेक्षा दोन्ही शाळांचा एकच कबड्डीचा संघ निघाला, दोन्ही पालक-शिक्षक संघांची पाण्याच्या टाकीवरून एकत्र बैठक झाली, तर वार्ष्णेय ज्याला संस्था म्हणतात ती आपल्या दारात उभी राहील. नाटकातला टोपीवाला मुलगा आणि गंधवाला मुलगा हात धरून उभे राहतात, पडदा पडतो, हात सुटतात. संघात हात सुटला तर गडी बाद होतो, म्हणून तेथे तो घट्ट धरला जातो.

असे काम होते, हे काल्पनिक नाही. २८ सप्टेंबर २०२३ रोजी ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली. मुंबईत आणि राज्यातल्या अनेक शहरांत मुस्लिम संघटनांनी आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढायचे ठरवले. २०२४ मध्येही मुंबईची मिरवणूक पुढे ढकलली गेली. वृत्तपत्रांत त्याला चार ओळी मिळाल्या. पण त्या चार ओळींमागे किती बैठका झाल्या असतील? 'दर वेळी आपणच का मागे सरायचे?' असे विचारणारा तरुण प्रत्येक बैठकीत असणार, आणि त्याचा प्रश्न खोटा नाही. त्याला उत्तर देणारा म्हातारा असणार, आणि त्याचे उत्तरही पुरते समाधानकारक नसणार. त्या दोघांच्या मधे जे घडते, ते साहित्य आहे. तेथे रहीमचाचा नाही. रागावलेला, हिशेब मागणारा आणि तरीही बैठकीतून उठून न गेलेला माणूस आहे.

आपल्या लेखकांकडे आम्ही मागतो ते हेच. सलोख्याची कथा लिहायची असेल तर ती समितीच्या खोलीत घेऊन जा. तेथली वायफळ बडबड, उशिरा येणारा सेक्रेटरी, एकमेकांवरचा संशय आणि चहाच्या पैशांवरची कुरकुर, सगळे येऊ द्या. आपल्या मुसलमान पात्राला राग येऊ द्या आणि न्याय मागू द्या. हिंदू पात्रालाही उपकारकर्त्याच्या भूमिकेतून मोकळे करा. आणि लिहिण्यासाठी अशी समिती आपल्या गावात सापडत नसेल, तर ती नाही याचीच कथा लिहा. ती वाचून गावात कोणी दोघे विचारतील, की आपल्याकडे ती का नाही.